बनुमावशीनं निवडलेली कादंबरी

मी भांडखोर आहे, हे बेलापुरात कुणालाही विचारा, सांगतील. सासू सांगेल, नवरा सांगेल, डेअरीत दुधाची फॅट मोजणारा तर हात जोडून सांगेल. सांगू द्या. पण त्या शुक्रवारी वाचन मंडळात जे झालं त्यावरून लोक मलाच नावं ठेवतात, ते मी ऐकून घेणार नाही. आधी सगळं ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

दूध संकलन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी दुपारी आम्ही दहा-बारा बायका जमतो. मंडळ सुरू केलं विजयाबाईंनी. त्या हायस्कूलला मराठी शिकवायच्या. रिटायर झाल्यावर घरात करमेना, म्हणून श्रीरामपूरच्या ओळखीच्या लोकांकडून जुन्या कादंबऱ्या गोळा केल्या आणि एक लोखंडी कपाट भरलं. कपाटाची किल्ली माझ्याकडे. प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, त्यामुळे एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. ऐकता ऐकता कुणी लसूण सोलतं, कुणी मेथी निवडतं. एक कादंबरी दोन-तीन महिने पुरते, म्हणून पुढची कोणती घ्यायची हा आमच्यात मोठा विषय असतो.

ते नंबरानं ठरतं. जिचा नंबर असेल तिनं पुस्तक सांगायचं. कुणाची हरकत असेल तर तिनं उठून बोलायचं, पण दोन अटी आहेत. हरकत घेणारीनं पुस्तक स्वतः वाचलेलं पाहिजे, आणि हरकत सगळ्यांसमोर, जिचा नंबर आहे तिच्या तोंडावर सांगायची. मागं एकदा दोघी-तिघींनी कुजबुज करून एक पुस्तक घाण आहे म्हणून बाद करायला लावलं होतं. नंतर बघितलं तर ते एका शेळ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याचं निघालं, आणि त्यातलं एक पानही कुणी वाचलेलं नव्हतं. तेव्हापासून हा नियम. तो मीच करायला लावला, भांडून.

आमच्यात बनुमावशी आहे. माझ्या घराला लागून तिचं घर. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण मंडळ सुरू झाल्यापासून तिचा एक शुक्रवार चुकला नाही. वाती वळत पुढं बसते आणि पुस्तकातल्या माणसांना समोर असल्यासारखी झापते. "आगं, जाऊ नको त्याच्यासंगं, त्यो लबाड हाय," असं नायिकेला सांगते, आणि नायिका गेलीच तर आठवडाभर मला बोलून दाखवते. तिचा नंबर आला की ती म्हणायची, "मला काय कळतंय त्यातलं, माझा नंबर हिला द्या." यंदा मात्र म्हणाली, "ह्या टायमाला माझा नंबर मीच घेनार. रवीचं पुस्तक वाचायचं."

रवी म्हणजे रविराज. आमच्याच गावचा, आता संगमनेरला कॉलेजात प्राध्यापक आहे. दोन वर्षांपूर्वी तो दर रविवारी बनुमावशीकडं यायचा. चुलीपुढं बसून भाकरी-पिठलं हाणायचा आणि मोबाईल मांडीवर ठेवून तिचं बोलणं भरून घ्यायचा. मावशीनं त्याला काही म्हणजे काही लपवून ठेवलं नाही. त्याची कादंबरी निघाली, तिला पारितोषिक मिळालं, आणि पहिल्याच पानावर छापलं, "ही गोष्ट जिच्या तोंडून ऐकली त्या बेलापूरच्या बनुबाई यांस." एक प्रत त्यानं मावशीला दिली. ती तिनं देवघरात ठेवली. आल्यागेल्याला ते पहिलं पान उघडून दाखवायची, आपल्या नावावर बोट ठेवून. तेवढंच तिला कुणीतरी दाखवलेलं होतं.

दुसरी प्रत मंडळाच्या कपाटात आली. विजयाबाईंनी आणून दिली. तीन आठवडे तशीच पडून होती. मावशीनं तेच पुस्तक घ्यायचं म्हटल्यावर मी सहज घरी आणली, आणि कांद्याच्या शेडमध्ये बसून दोन दुपारींत वाचून काढली.

आता मावशीचं खरं काय घडलं ते सांगते. ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. तिची एकुलती एक लेक भीमा. लग्न होऊन वर्ष झालं नाही तोवर मार खाऊन, अंगावरच्या लुगड्यानिशी माहेरी आली. आठ दिवसांनी सासरचे जीप घेऊन न्यायला आले. गावातली चार मोठी माणसं त्यांच्या बाजूनं उभी राहिली, कारण तेव्हा तशीच रीत होती. मावशीचा नवरा बन्सीकाका, तोही म्हणाला, धाडून दे. मावशी दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून उंबऱ्यात उभी राहिली. म्हणाली, माझ्या अंगावरून न्या. बन्सीकाकानं काठी घातली ती तिच्या डाव्या मनगटावर. हाड मोडलं, तरी हात काढला नाही. दिवस मावळला तेव्हा जीप रिकामी गेली. ते मनगट वाकडंच सांधलं. आजही त्या हातात बांगडी नीट चढत नाही. भीमा आज शिर्डीत हार-प्रसादाचं दुकान चालवते, तिची पोरगी नर्सिंगला आहे.

आणि रविराजच्या कादंबरीत काय आहे? बाईचं नाव बनाई. घर तेच, चूल तीच, नवरा तोच, जीपसुद्धा तीच. पण बनाई दारात उभी राहत नाही. बनाई लोकलाजेला भिते, पोरीची ओटी भरते आणि तिला जीपमध्ये बसवून देते. पोरगी पुढच्याच पानावर विहिरीत उडी घेते. आणि ओटी भरणाऱ्या बनाईचं मनगट वाकडं आहे. का, तर लहानपणी झाडावरून पडली होती. मनगट उचललं, आणि ते ज्यासाठी मोडलं ते टाकून दिलं. मी ते वाचलं आणि माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पुस्तक कांद्याच्या ढिगावर फेकलं.

त्या बाईनं आयुष्यात दुसरं काय केलं? दुसऱ्याच्या रानात खुरपलं, जनावरं सांभाळली, नवऱ्याचं करून करून त्याला पोचवला. एक दिवस तिनं गावाच्या, नवऱ्याच्या आणि रीतीच्या विरोधात जाऊन पोरगी वाचवली. तेवढं एक तिचं होतं. तेही या शहाण्यानं तिची भाकरी खाऊन उचलून नेलं, उलटं केलं आणि वर तिचंच नाव पहिल्या पानावर छापलं. आता ते दर शुक्रवारी, तिच्या तोंडापुढं, अख्ख्या मंडळात मोठ्यानं वाचायचं. आणि निवडलंय कुणी, तर तिनंच.

मी तडक विजयाबाईंकडं गेले. म्हटलं, "बाई, तुम्ही हे वाचलंय का?"

"हो, आलं तेव्हाच," त्या म्हणाल्या. "फार ताकदीचं लिहिलंय गं. विहिरीचं प्रकरण तर सुन्न करतं."

"ती बनुमावशी आहे, बाई."

"ती बनाई आहे. कादंबरी ही कादंबरी असते मोनिका, चरित्र नव्हे. कलाकृती म्हणून बघायला शिक."

"मावशी कलाकृती म्हणून बघणार आहे का?"

बाई आवाज उतरवून म्हणाल्या, "मी विचार केलाय त्याचा. ती दोन प्रकरणं गाळून वाचू. तिला काय कळणार आहे? आपलं नाव छापलं यातच ती खूश आहे बिचारी. आणि रविराजला मी सत्काराला बोलावून बसलेय, आता मोडता घालू नकोस."

"तिला वाचता येत नाही, बाई. ऐकू येतं," मी म्हटलं आणि निघाले. त्यांनी चहा टाकला होता, तो न घेता निघाले. त्याचा त्यांना राग आहे अजून. असू दे.

घरी येऊन रविराजला फोन लावला. तो खुशीत होता. "वहिनी, वाचलंत? कसं वाटलं?"

"रवीभाऊ, भीमा मेली कधी?" मी विचारलं.

तो हसला. "अहो, ती भीमा नाही. ते पात्र आहे."

"आणि मनगट? ते कुणाचंय?"

"लेखक वास्तवातले तपशील घेतोच, वहिनी."

"मग दारात उभी राहिली तो तपशील का नाही घेतला?"

तर हा माणूस मला समजावून सांगायला लागला, वर्गातल्या पोराला सांगावं तसं. "वहिनी, आई दारात उभी राहिली आणि पोरगी वाचली, यात कादंबरी कुठं आहे? दहा पानांत संपलं. वाचक हलला पाहिजे. परीक्षकांनी विहिरीच्या प्रकरणाचा खास उल्लेख केलाय. आणि मावशीचं ऋण मी मान्य केलंच आहे की, पहिल्याच पानावर."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "ते पान आहे म्हणूनच गाव म्हणणार, हीच ती बाई. नाव तरी गाळायचं होतंस." तो म्हणाला, तुमचं अडाणी वाचन आहे. मी जे बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही. त्यानं फोन ठेवला.

आता माझ्यापुढं एकच वाट उरली होती, हरकत घ्यायची. आणि हरकत घ्यायची म्हणजे मावशीच्या तोंडावर सांगायचं, नियमच तो. मीच केलेला. भीमाला सांगावं असंही मनात आलं, पण भीमा दिवसभर दुकानात. तिला पुस्तकाचं एवढंच ठाऊक, की आईचं नाव छापून आलंय. तिला फोन करून काय सांगू, तू मेलीस म्हणून? आठवडाभर मी घरात सगळ्यांवर खेकसत राहिले. नवरा म्हणाला, तुला काय झालंय. म्हटलं, वाचायला शिकले हे झालंय.

शुक्रवारी मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली. देवघरातली प्रत कापडात गुंडाळून आणली होती. भीमानं शिर्डीहून पेढे पाठवले होते, आईचं पुस्तक लागणार म्हणून. मावशीनं आल्या आल्या प्रत्येकीच्या हातावर पेढा ठेवला. माझ्याही ठेवला. तो मी खाऊ शकले नाही, मुठीत धरून बसले.

विजयाबाई म्हणाल्या, "आज बनुबाईंचा नंबर. त्यांनी पुस्तक सांगितलेलंच आहे. कुणाची हरकत?" आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं, नको म्हणून.

मी उठले. उठले खरी, पण तोंडातून भलतंच निघालं. "पुस्तक लई जाड आहे. कांदा काढायचे दिवस. लांबेल."

"लांबू दे की," मावशी म्हणाली. "मला काय परगावी जायचंय व्हय?"

"भाषा जड आहे."

"ही हरकत होत नाही," विजयाबाई पटकन म्हणाल्या.

आमच्यातली रेश्मा हसली. तिच्या शेजारी ज्ञानेश्वरी, सरपंचांची सून, ती मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "दुसऱ्याचं कौतुक झालं की काहींच्या पोटात दुखतं." मी तिला बघून घेतलं असतं, पण तेवढ्यात मावशीच बोलली. तिच्या वातीचा कापूस तसाच हातात होता.

"मोने, तुझं काय बिनसलंय? आठ दिस झालं तू माझ्याशी धड बोलंना. माझं नाव छापलं तर तुला का टोचतंय? तुझ्या घरात पोरं हायेत, शेत हाय, शिक्षन हाय. माझं ह्ये एवढंच हाय."

ती असं बोलल्यावर मला राहवलं नाही. लाजही वाटली आणि त्याहून जास्त राग आला, तिचा नाही, बाकी सगळ्यांचा. मी म्हटलं, "मावशी, ह्या पुस्तकात तू दारात उभी राहत न्हाईस. तू भीमाची ओटी भरून तिला धाडून देतीस. आन भीमा विहिरीत जीव देती."

खाली कुणीतरी दुधाचे कॅन विसळत होतं, त्याचा आवाज येत राहिला. ज्ञानेश्वरीच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला.

मावशीनं मला विचारलं, "तू कधी वाचलंस?"

"मागच्या हप्त्यात."

"आन बाई, तुमी?"

विजयाबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "महिना झाला असेल," त्या म्हणाल्या.

"मंजी समद्यांनी वाचलं," मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी आल्यागेल्याला दावत बसले, आन कुनी सांगितलं न्हाई. तू भिंतीपल्याड ऱ्हातीस मोने. रोज सकाळी माझ्या चुलीतनं इस्तू नेतीस. तूबी न्हाई."

"तुला वाईट वाटेल म्हणून मी..."

"वाईट वाटंल तर मला वाटंल. त्ये तू ठरवनारी कोन? त्यानं मला न इचारता लिवलं, तुमी मला न इचारता लपवलं. फरक काय सांग." मी बोलायला गेले तर तिनं हात वर केला, तोच डावा. "आता वाच. हितंच. समद्यांपुढं. गाळायचं न्हाई काय."

गावात बोलतात ना, की मोनिकानं म्हातारीला भरसभेत रडवलं? हेच ते. तिनं वाच म्हटलं आणि मी वाचलं. आणि ती रडली नाही.

जीप आली तिथपासून वाचलं. एरवी मावशी पानापानाला बोलते. त्या दिवशी एक शब्द नाही. बनाई लोकलाजेला भिते ते वाचलं. चार मोठी माणसं बोलतात ते वाचलं. बनाईच्या वाकड्या मनगटाचं वाक्य आलं तेव्हा मी थांबले. मावशीनं पदराखाली हात घेतला आणि म्हणाली, "फुडं." ओटीतले तांदूळ वाचले, खण वाचला, पोरीनं जीपमधून मागं वळून बघितलं ते वाचलं. माणूस चांगलं लिहितो, हे मलाही कबूल करावं लागेल, आणि त्याचाच सगळ्यात जास्त संताप आला. मग विहीर. पोरीचा देह वर काढतात, बनाई छाती पिटते, तिथं प्रकरण संपलं.

"संपलं?" मावशीनं विचारलं.

"हे प्रकरण संपलं."

तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. मग म्हणाली, "ह्या बाईच्या दारात मी असते, तर पोरीला जाऊ दिली नसती."

विजयाबाईंनी बोलायला सुरुवात केली, "बनुबाई, लेखकाला कसं असतं, की शेवट..."

"बाई, तुमी जरा गप बसा," मावशी म्हणाली. गावातली तीन पिढ्यांची पोरं त्या बाईंना घाबरत आली आहेत. बाई गप्प बसल्या.

मावशीनं पुस्तक कापडात गुंडाळलं आणि विजयाबाईंच्या पुढ्यात सरकवलं. "सत्काराला येनार हाय ना त्यो? त्याला ह्ये परत द्या. म्हनावं, पैल्या पानावरचं नाव खोड आन मग दुसऱ्याला दे. माझा नंबर अजून हाय का ग्येला?"

"आहे," मी म्हटलं. "तुझाच आहे."

"मग दुसरं पुस्तक घेते. पोरगी म्हायेरी आली, आईनं तिला धाडली न्हाई, आन पोरगी जगली. असं एक काढा. मला त्येच ऐकायचंय."

मी कपाट उघडलं. एवढी पुस्तकं, एक तरी असेलच, असं मला वाटलं. रेश्मा वरच्या कप्प्यातली काढून द्यायला लागली आणि विजयाबाई एकेक हातात घेऊन सांगायला लागल्या. एका कादंबरीत पोरगी परत जाते आणि सासरचे सुधारतात. एकीत ती रॉकेल ओतून घेते. एकीत आई लहानपणीच वारलेली. एकीत आई आहे, पण ती खिडकीतून बघत राहते, आणि त्या खिडकीचं वर्णन चार पानं आहे. एक पातळसं पुस्तक बघून बाईंचा चेहरा उजळला. "ही वाचवते," म्हणाल्या, "आई वाचवते हिच्यात." मग शेवटचं पान उघडून बघितलं आणि पुस्तक मिटलं. "नाही. भाऊ तिला मारतो शेवटी."

वरचा कप्पा झाला, मधला झाला. बायका उठून कपाटापाशी आल्या. जिला जी कादंबरी आठवत होती ती ती सांगत होती, आणि सांगता सांगताच गप्प होत होती. यातल्या कितीतरी आम्ही याच हॉलमध्ये वाचल्या, पदरानं डोळे पुसत वाचल्या, काय सुंदर आहे म्हटलं. मीही म्हटलं. मेलेल्या पोरी वाचून आम्ही मजेत घरी जाऊन भाकऱ्या थापल्या. माझ्या अंगाची नुसती लाही होत होती, आणि आता कुणाशी भांडावं ते कळत नव्हतं.

खालचा कप्पा रिकामा झाला तेव्हा विजयाबाई फरशीवरच बसल्या. भोवती सगळीकडं पुस्तकं पसरली होती. खाली संध्याकाळच्या दुधाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बनुबाई, आपल्याकडे नाही एकही."

"शोधा," मावशी म्हणाली. "मी बसलेय."